खांदेपालट

२०२५च्या ऑगस्ट महिन्यात ओव्हलच्या मैदानावर भारताने इंग्लंडविरुद्धचा पाचवा कसोटी सामना अवघ्या सहा धावांनी जिंकला. त्या मालिकेतले पाचही सामने मोहम्मद सिराज खेळला, त्याने २३ बळी घेतले, आणि शेवटचा बळीही त्याचाच होता. जसप्रीत बुमराह मात्र पाचांपैकी तीनच सामने खेळला. तो तीनच खेळणार, हे मालिकेपूर्वीच ठरले होते आणि तसे सांगितलेही गेले होते. विजयानंतर सुनील गावसकर यांनी सिराजची वाखाणणी करताना, ‘वर्कलोड’ हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून आता निघून जावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. बहुतेकांना ती पटली. समाजाला न थकणारा माणूस आवडतो आणि सिराज त्या दिवशी खरोखरच थकलेला दिसत नव्हता.

गावसकरांच्या अधिकाराविषयी आम्हांला आदरच आहे. ‘वर्कलोड’ हा शब्द गेल्याने मराठीचे काही नुकसान होईल, असेही आम्हांला वाटत नाही. शब्द कार्यालयीन आहे, हिशेबी आहे, त्याला घामाचा वास नाही. परंतु शब्दाबरोबर अर्थही हद्दपार करण्याचा जो उत्साह त्या दिवसांत दिसला, त्याला आमचा विरोध आहे. शिवाय त्या अर्थासाठी आपल्याकडे एक जुना आणि नेमका शब्द आहे. तो म्हणजे खांदेपालट. पालखी किंवा जड ओझे वाहणारे ठरावीक अंतरावर खांदे बदलतात. भार तोच राहतो, वाटही तीच राहते, खांदा तेवढा बदलतो. वृत्तपत्रांनी हा शब्द मंत्रिमंडळाला बहाल करून टाकला आणि त्यातला खांदा आपण विसरलो. प्रस्तुत लेखात तो शब्द आम्ही त्याच्या मूळ मालकाकडे, म्हणजे ज्याचा खांदा खरोखर दुखतो त्याच्याकडे, परत नेऊ इच्छितो.

आमचे बहुतेक वाचक साहित्याचे विद्यार्थी वा अध्यापक आहेत. त्यांना हे खेळाचे पाल्हाळ कशासाठी, असा प्रश्न पडेल. आमचे उत्तर असे की गोलंदाजाचा खांदा जितका चेंडूने झिजतो तितकाच गोष्टीनेही झिजतो. गोष्ट कशी सांगावी, कुठे संपवावी, कोणाला नायक म्हणावे, हे प्रश्न आपल्या विषयाचे आहेत. आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकात खेळाडूंच्या गौरवाचा मजकूर लिहिण्याचे काम बहुतेक ठिकाणी मराठीच्या अध्यापकाकडेच येते.

खांदेपालटाची सर्वांत शिस्तबद्ध रूपे पाहायची असतील तर अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलकडे पाहावे. तिथला पिचर म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. प्रत्येक चेंडू अंगातली सगळी ताकद लावून फेकायचा, तोही खांद्याला आणि कोपराला अनैसर्गिक असा झटका देऊन. एका सामन्यात असे शंभराच्या आसपास चेंडू टाकले की हाताला सावरायला दिवस लागतात. म्हणून तिथल्या हंगामाची रचनाच हाताच्या सोयीने झालेली आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून हंगाम सुरू होतो. एकाच गटातले दोन संघ आठवड्याच्या शेवटी एकमेकांशी तीन सामने खेळतात, शुक्रवार, शनिवार आणि रविवार. शुक्रवारचा पिचर संघातला सर्वांत भरवशाचा, शनिवारचा दुसरा, रविवारचा तिसरा. आठवड्याच्या मध्ये एखादा सामना असला तर तो नवख्यांना मिळतो. शुक्रवारचा पिचर पुढच्या शुक्रवारपर्यंत मोकळा. कोण कधी टाकणार हे आधीच ठाऊक असते, आणि शनिवारी शुक्रवारच्या पिचरने बाकावर बसून राहण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

या शिस्तीची कसोटी मे महिन्यात लागते. गटातल्या शेवटच्या मालिका असतात, क्रमवारी ठरायची असते, लगेच गटाची स्पर्धा आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेची फेरी. शेवटची मालिका बऱ्याचदा शुक्रवारऐवजी गुरुवारी सुरू केली जाते, म्हणजे पहिल्या पिचरच्या विसाव्यातला एक दिवस गेला. इथे प्रशिक्षकाची नियत दिसते. हंगामभर पाळलेली पाळी शेवटच्या पंधरवड्यात मोडायची की नाही? ३० मे २००९ रोजी टेक्सास विद्यापीठ आणि बोस्टन कॉलेज यांचा सामना नऊऐवजी पंचवीस डावफेऱ्या चालला. टेक्सासचा ऑस्टिन वूड हा त्यात तेरा डावफेऱ्या टाकत राहिला. एकूण १६९ चेंडू. आदल्याच दिवशीही त्याने चेंडू टाकले होते. टेक्सासने सामना ३-२ असा जिंकला आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. वूड पुढे व्यावसायिक संघात निवडला गेला, पण सर्वोच्च साखळीत तो कधी पोहोचला नाही. त्याला कारण तो एकच दिवस होता, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्या दिवसावर टीकेची झोड उठली, प्रशिक्षकाला जाब विचारला गेला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. टाळ्या वाजवणाऱ्या समाजातच हिशेब मागणारेही होते. तरुण पिचरांनी वयानुसार किती चेंडू टाकावेत आणि त्यानंतर किती दिवस विसावा घ्यावा, याचे कोष्टक तिथल्या व्यावसायिक बेसबॉलने २०१४ साली प्रसिद्ध केले.

आता आपल्याकडे येऊ. बाभुळगाव हे यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. तालुक्यातच बेंबळा नदीवरचे धरण. यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९८३ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ पाच जिल्ह्यांचे. बाभुळगावात, कळंबात, राळेगावात किंवा नेरमध्ये वेगाने चेंडू टाकणारा एखादा मुलगा असतोच. अंगात बळ असते, कपाशीच्या ओळींतून वाढलेली चिवट पावले असतात, आणि टेनिसच्या चेंडूने शिकलेला झणझणीत हात असतो. तो महाविद्यालयाच्या संघात येतो तेव्हा त्याच्यापुढे हंगाम म्हणून काय असते? आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारणतः बादफेरीच्या. चार-पाच दिवसांत सगळे आटोपायचे. हरलात की सामान बांधा. जिंकलात तर उद्या सकाळी पुन्हा मैदानात. आंतरविद्यापीठ स्पर्धेतही आधी विभागवार बादफेरी आणि मग उरलेल्यांची साखळी. वर्षभर काही नाही आणि मग एका आठवड्यात सगळे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा हरल्याशिवाय संघ बाहेर पडत नाही. आपली बादफेरी एवढीही दया दाखवत नाही.

अशा रचनेत खांदेपालट संभवतच नाही. कर्णधाराजवळ एक चांगला गोलंदाज असेल तर तो त्यालाच चेंडू देणार, सकाळी, दुपारी आणि शेवटच्या षटकातही. दुसरा गोलंदाज पाचव्या षटकात मार खाऊ लागला की पहिल्याला परत बोलावणार. यात कर्णधाराचा दोष नाही. त्याला ‘उद्या’ दिलेलाच नाही. ज्याला उद्या नाही त्याने आज राखून ठेवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यातच हाच मुलगा दिवाळीच्या आगेमागे खुल्या टेनिस-बॉल सामन्यांतही टाकत असतो. एका गावच्या संघाकडून शनिवारी, दुसऱ्याकडून रविवारी. हे चेंडू कोणी मोजत नाही. महाविद्यालयाला वाटते मुलगा ताजातवाना आहे. मुलाच्या पाठीला मात्र सगळे ठाऊक असते.

पाठ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वेगवान गोलंदाजाची सर्वांत ओळखीची व्याधी म्हणजे कमरेच्या मणक्यातल्या हाडाला सूक्ष्म तडा जाणे. चेंडू सोडताना कंबर एकाच वेळी वाकते, वळते आणि मागे ताणली जाते, आणि पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मणक्याचे हाड पूर्ण घट्ट व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे अठरा ते बावीस हे महाविद्यालयाचे वय नेमके धोक्याचे. आणि धोका नुसत्या जास्त गोलंदाजीत नसतो, अचानक वाढलेल्या गोलंदाजीत असतो. महिनोन्‌महिने काही नाही आणि मग चार दिवसांत चार सामने, हा आपला आंतरमहाविद्यालयीन नमुना त्या दृष्टीने सर्वांत वाईट.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात याहून विलक्षण गोष्ट आढळली. एका सामन्यात पन्नासहून अधिक षटके टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजांना दुखापत होण्याचा धोका वाढतो, पण तो लगेच वाढत नाही. तो तीन-चार आठवड्यांनी वर येतो. सामना झाला, टाळ्या झाल्या, चषक कपाटात गेला, आणि मग एका साध्या सकाळी, साध्या सरावात, मुलगा कंबर धरून खाली बसतो. त्या दिवशी मैदानात वार्ताहर नसतो. खुद्द मुलालाही महिन्यापूर्वीचे ते सामने आठवत नाहीत. त्याला वाटते, आजच काहीतरी चुकले.

आमचा साहित्यविषयक मुद्दा इथे आहे. खेळाची गोष्ट अंतिम सामन्याशी संपते आणि शरीराची गोष्ट तिथून तीन आठवड्यांनी सुरू होते. कथनाचा शेवट आणि परिणामाची सुरुवात यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यात हे मुलगे हरवतात. कार्यकारणभाव दिसू नये अशीच जणू या कथनाची बांधणी आहे. ‘दुखत असतानाही तो टाकत राहिला’ हे वाक्य आपल्याला आवडते कारण त्याच्यापुढचे वाक्य आपण कधी वाचलेले नसते.

ही आवड आपल्यात खोलवर मुरलेली आहे. महाभारतातले कौरवांचे सेनापती आठवा. भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य जेमतेम अर्धा दिवस. अठरा दिवसांत चार सेनापती झाले, पण त्याला खांदेपालट म्हणता येणार नाही, कारण पहिला पडल्याशिवाय दुसऱ्याकडे सूत्रे गेलीच नाहीत. आपले बहुतेक महाविद्यालयीन कर्णधार याच परंपरेतले. मात्र त्याच महाकाव्यात, द्रोणपर्वात, एक वेगळी जागा आहे आणि ती आपण क्वचितच शिकवतो. चौदाव्या दिवसाचे युद्ध रात्रीतही चालू राहते. घटोत्कच पडल्यानंतर दोन्ही बाजूंचे सैनिक झोपेने आंधळे झालेले असतात. तेव्हा अर्जुन मोठ्याने सांगतो की चंद्र उगवेपर्यंत सगळ्यांनी इथेच झोपून घ्यावे. शत्रूचे सैन्यही त्याला दुवा देते, आणि हत्ती, घोडे, माणसे रणभूमीवरच झोपी जातात. अठरा दिवसांच्या संहारात विसाव्याची आज्ञा देणारा तो, संपूर्ण युद्धातला सर्वांत समर्थ धनुर्धर आहे. न थकणाऱ्यालाच इतरांचा थकवा दिसला, हे व्यासांनी लिहून ठेवले आहे. आपण अर्जुनाचा नेम शिकवतो. ती रात्रही शिकवायला हवी.

विदर्भाच्या क्रिकेटने गेल्या काही वर्षांत जे यश मिळवले, तेही या नजरेने पुन्हा वाचण्यासारखे आहे. २०१७-१८च्या हंगामात विदर्भाने प्रथमच रणजी करंडक जिंकला. कोलकात्याला कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रजनीश गुरबानीने एकूण बारा बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. तो सामना २१ डिसेंबर २०१७ रोजी संपला. २९ डिसेंबरला इंदुरात दिल्लीविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला आणि गुरबानीने पहिल्या डावात हॅटट्रिकसह सहा बळी घेतले. लोकांच्या स्मरणात ही हॅटट्रिक राहिली आणि ती राहावी अशीच होती. पण त्याच सामन्याचे दुसरे वाचनही शक्य आहे. उमेश यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यामुळे अंतिम सामन्यात नव्हता. त्या रिकाम्या झालेल्या जागेत आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांखालील संघाच्या वयाचा मुलगा आपला पहिलाच रणजी सामना खेळला आणि पहिल्या डावात दोन बळी घेऊन गेला. दुसऱ्या डावात मुख्य काम अक्षय वखरे आणि आदित्य सरवटे या फिरकी गोलंदाजांनी केले. म्हणजे ज्या सामन्याला आपण एका हाताची गोष्ट म्हणून सांगतो, तो प्रत्यक्षात अनेक खांद्यांवरून पार पडला होता.

मार्च २०२४ मध्ये रणजी हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात मुंबईचा शार्दूल ठाकूर जाहीरपणे बोलला. पालघरचा हा गोलंदाज तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शतक ठोकून आणि बळीही घेऊन बोलत होता, त्यामुळे त्याला आळशी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. दोन सामन्यांत तीनच दिवसांचे अंतर ठेवून दहा सामने खेळवलेत तर देशभरचे खेळाडू जायबंदी होतील, असे त्याच्या बोलण्याचे सार होते. त्याच वेळी विदर्भाचा मध्य प्रदेशाविरुद्धचा उपांत्य सामना नागपुरात ६ मार्चला संपला आणि १० मार्चला संघ वानखेडेवर अंतिम सामन्यात उतरला. तो सामना विदर्भाने गमावला. पराभवाचे खापर त्या तीन दिवसांवर फोडणे बरोबर नाही. मुंबईलाही वेळापत्रक होतेच. पण पुढच्या हंगामात रणजी स्पर्धा दोन टप्प्यांत विभागली गेली, मध्ये मर्यादित षटकांचे सामने आले. त्या २०२४-२५च्या हंगामात विदर्भ पुन्हा विजेता ठरला. हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला. तो डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. त्याच्या खांद्याचे गणित वेगवान गोलंदाजापेक्षा निराळे. पण केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात, ज्या पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक ठरला, त्या डावात दुबे, दर्शन नळकांडे आणि पार्थ रेखाडे या तिघांनी प्रत्येकी तीन बळी घेतले, हेही विक्रमाशेजारी लिहून ठेवले पाहिजे.

बाभुळगावच्या वाचकाला हंगामाच्या अखेरीचा मोह वेगळा समजावून सांगायला नको. कपाशीचे दोन-तीन वेचे झाले की झाड थकते. पण हाताशी पाणी असेल तर पऱ्हाटी न उपटता एक पाणी द्यायचे आणि फरदड घ्यायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. चार पैसे जास्त मिळतात. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की फरदड घेऊ नका, कारण लांबलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळीला खाणे मिळत राहते आणि ती पुढच्या हंगामावर उतरते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचे काय केले, ते यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. फरदडीचा कापूस या हंगामाच्या हिशेबात जमा होतो, तिची किंमत पुढच्या हंगामाच्या खात्यातून वजा होते. थकलेल्या गोलंदाजाच्या शेवटच्या स्पेलचेही नेमके हेच आहे. चषक या वर्षीच्या वार्षिकांकात छापला जातो. मोडलेली कंबर पुढच्या वर्षीच्या अंकात छापली जात नाही, कारण तोपर्यंत तो मुलगा संघातच नसतो.

शेतकरी फरदड हौसेने घेत नाही, हे आम्ही जाणतो. लागवडीचा खर्च निघालेला नसतो, पावसाने दगा दिलेला असतो, म्हणून तो झाडाला आणखी एकदा पिळतो. यातूनच आमच्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप निर्माण होतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की विसावा ही ऐपत असलेल्यांची चैन आहे. बुमराह दोन सामने बसला तरी तो बुमराहच राहतो. बाभुळगावच्या मुलाने एक सामना विश्रांती घेतली आणि नेमका त्याच दिवशी निवड समितीचा माणूस मैदानात असला, तर? त्याच्या वाट्याला वर्षातून चार दिवस येतात. त्या चार दिवसांत त्याने जीव तोडून टाकू नये, हे सांगणारे आम्ही कोण? उमेश यादव कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, तो नागपूरजवळच्या खाणवस्तीतून टेनिसच्या चेंडूवर वाढून भारताच्या संघात गेला. त्याने हात राखून टाकले असते तर तो कोणाला दिसला असता?

आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आमचा उपदेश त्या मुलाला नाही. त्याने काय करावे हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमचे म्हणणे वेळापत्रकाला उद्देशून आहे. चारच दिवस मिळणे हीच मूळ अडचण आहे. चाराऐवजी बारा दिवस मिळाले, तेही आठवड्याच्या अंतराने, तर एक सामना बसणे म्हणजे आयुष्य गमावणे ठरणार नाही. शिवाय खांदेपालट ही केवळ पहिल्या गोलंदाजाच्या विसाव्याची व्यवस्था नव्हे. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलंदाजाच्या घडणीची व्यवस्था आहे. रविवारचा पिचर असतो म्हणून त्या संघाला पुढच्या वर्षीचा शुक्रवारचा पिचर मिळतो. आदित्य ठाकरेला चेंडू मिळाला कारण त्या दिवशी उमेश यादव नव्हता. बादफेरीत ‘दुसरा’ कधी घडतच नाही; तो पाच षटकांत बाद ठरवला जातो आणि उरलेले वर्ष क्षेत्ररक्षण करतो. एकाच्या पाठीची झीज आणि दुसऱ्याच्या संधीचा अभाव ही एकाच अव्यवस्थेची दोन नावे आहेत.

या चर्चेत यवतमाळ जिल्ह्याचा स्वतःचा एक मजेशीर अपवाद आहे. याच जिल्ह्यातून पुढे आलेला अक्षय कर्णेवार हा दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी घेतले. एकाच माणसात खांदेपालट! परंतु सगळ्यांना दोन हात असे मिळत नाहीत. बाकीच्यांसाठी व्यवस्था माणसांनीच करावी लागते.

ती फार खर्चाची नाही. बाभुळगाव, कळंब, राळेगाव, नेर, यवतमाळ अशा शेजारच्या महाविद्यालयांनी एकमेकांशी आठवड्याला एक याप्रमाणे साखळी सामने खेळावेत. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढीच ही अंतरे. निकाल विद्यापीठाच्या बादफेरीला जोडता आले तर उत्तम, नाहीतर सरावाचे सामने म्हणून. त्यातून गोलंदाजाचा भार हळूहळू चढतो, अचानक उसळत नाही, आणि कर्णधाराला ‘उद्या’ मिळतो. दुसरे काम एका वहीचे. संघातला एखादा विद्यार्थी प्रत्येक गोलंदाजाने आठवड्यात टाकलेले चेंडू लिहून ठेवील. सामन्यातले, सरावातले, आणि गावोगावच्या टेनिस-बॉल स्पर्धांतलेही. आकडा एकाएकी दुप्पट झाला की वही बंद करून क्रीडाशिक्षकापुढे ठेवायची. याला यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही.

तिसरे काम आपले, म्हणजे या पानाच्या वाचकांचे. वार्षिकांकातला गौरवाचा परिच्छेद बदलता येईल का, याचा विचार आपण करावा. ‘अंगात ताप असताना’, ‘हात सुजलेला असताना’, ‘एकहाती’ ही विशेषणे मोहक आहेत, आणि पुढच्या वर्षीचा मुलगा ती वाचूनच मैदानात उतरतो. त्यांच्या शेजारी कोणी कोणाचा भार उचलला, कोणाला केव्हा बसवले, कोणत्या नवख्याने ती पाच षटके पार पाडली, हेही नावानिशी लिहिता येते. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की कथेत जे लिहिलेले नाही तेही वाचा. बाकावर बसलेला गोलंदाज हा असाच न लिहिलेला मजकूर आहे.

‘वर्कलोड’ शब्दकोशातून जायचा असेल तर खुशाल जावो. त्याच्या जागी खांदेपालट लिहावा, आणि तो मंत्रिमंडळाच्या बातमीत न लिहिता महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, सामन्यांच्या वेळापत्रकाशेजारी लिहावा. पालखी पुढे न्यायची हे तर सर्वांनाच मान्य आहे. ती वाहणारा मुलगा पुढच्या वर्षीही वारीत असावा, एवढेच आमचे म्हणणे.